चौकटींचा बंदोबस्त

बेला, ९ नोव्हेंबर २०२४

नीलिमा,

आशीर्वाद. पत्राच्या आरंभी कुशल विचारण्याची रीत आहे. परंतु तुझे कुशल तुझी ताई मला रोज दुपारी फोन ठेवल्यावर सांगते. तेव्हा ती ओळ वाचवून मी विषयाकडे येतो.

हे काम फोनवर का केले नाही, असे तुला वाटेल. एक कारण माझे कान. श्रवणयंत्र लावून फोन धरला की दोन्ही यंत्रे एकमेकांवर शिट्ट्या वाजवतात. दुसरे कारण असे की, फोन घरात आहे आणि घरात तुझी ताई आहे. उत्तर आमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. सकाळी मी तेथेच असतो.

चिरंजीव भारतने हैदराबादहून आपला जुना संगणक आमच्याकडे पाठवला, हे तुला ठाऊक आहे. दीक्षा फोनच्या काचेवर मला अंगठ्याएवढी दिसते. मोठ्या पडद्यावर नात नातीएवढी दिसावी, हा त्यामागचा हेतू. दिवाळीत त्याला रजा मिळाली नाही व कोणी येऊ शकले नाही, म्हणून पडद्याचे महत्त्व अधिकच. पण गेल्या काही आठवड्यांपासून त्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून चौकटी उगवू लागल्या आहेत. एक मिटवली की दुसरी. एक म्हणते, ‘आपल्या संगणकात विषाणू सापडले आहे.’ सापडले आहेत, असे हवे. दुसरी म्हणते, ‘अभिनंदन, आपण मोटार जिंकला.’ मी मोटार जिंकलेली नाही, व जिंकलो असतो तरी या वाक्याने कळवलेली मोटार मी घेतली नसती. तिसरी केसांच्या तेलाची असते. मला केस नाहीत. या चौकटी आमच्या घरात कशा शिरल्या, हे कळण्यास मार्ग नाही.

आता चंपतरावांविषयी. हे गृहस्थ महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले असून आमच्या आळीच्या टोकाला राहतात. संगणकातले आपल्याला कळते, असे ते सांगतात. पहिल्या दिवशी मीच त्यांना बोलावले, हे मला मान्य आहे. त्यांनी काही तरी केले व चौकटी थांबल्या. दोन दिवसांनी पुन्हा आल्या. चंपतरावही पुन्हा आले. आता असे झाले आहे की, चौकटी कधी येतात, कधी येत नाहीत, चंपतराव मात्र नियमाने येतात.

ते आले की तुझी ताई लुगड्याचा पदर नीट करते. त्यांचा चहा बशीसह कपात जातो आणि त्यात वेलदोडा असतो. माझा स्टीलच्या पेल्यात असतो. दोघे आतल्या खोलीत पडद्यासमोर बसतात. दार उघडे असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आतून हसणे येते. शब्द मला ऐकू येत नाहीत, हसणे मात्र भिंतीतूनही येते. मी दारात उभा राहिलो की दोघेही एकदम पडद्याकडे पाहू लागतात. चंपतरावांच्या कानामागे अत्तराचा फाया असतो. या वयात.

आणखी एक. तुझी ताई स्वयंपाकघरात एकटी असली की तिचे ओठ हलतात. आवाज नाही. विचारले, तर म्हणाली, “देवाचं नाव घेऊन राह्यली.” कोणत्या देवाचे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तुझ्या ताडपत्रीच्या दुकानात तू संगणकावर बिले करतेस. या चौकटी कायमच्या कशा थांबवाव्यात, ते क्रमाने लिहून कळव. चंपतरावांना आमच्या घरी काही काम उरू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

बापूजी


गुडीहत्नूर, १४ नोव्हेंबर

भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं दुकानात सगळ्यासमोर हातात देलं. आमचे हे म्हनाले, कोनाचं लग्न हाये? म्या म्हनलं, लग्न नाई, मोडाची भीती हाये.

मी बोलते तशीच लिहून राह्यली. लाल शाई तिकडंच ठेवा. मागच्या खेपेले माहं पत्र तपासून वापस पाठवलं होतं तुमी, खाली ‘बरे’ असा शेरा मारून.

आता चौकटीचं. त्या आपल्या मनानं येत नाईत. एखादं पान उघडलं की ते विचारते, ‘सूचना पाठवण्याची अनुमती द्या’ म्हनून. आपन ‘द्या’ दाबलं की झालं. मंग ते पान बंद केलं तरी त्याचा पाहुना घरातच बसून राहते. विषानू-गिशानू काई नसते, भेव दाखवासाठी लिहितात. त्यावर दाबू नका, कोनता नंबर देला त त्याले फोन करू नका. आमच्या दुकानात म्याच दाबलं होतं, फवारनी पंपाच्या वाशराचा भाव पाहता पाहता. तवा तुमच्याकडं कोनं दाबलं ते तुमीच सांगा. ताईले नाई सांगत.

काढाचं असं. ज्याच्यात पानं उघडतात त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं हायेत, एकाखाली एक. ती दाबा. ‘सेटिंग्ज’ येईल, त्यात जा. मंग ‘गोपनीयता आणि सुरक्षा’. त्याच्यात ‘साइट सेटिंग्ज’. त्याच्यात ‘सूचना’. तिथं खाली ज्याईले ज्याईले परवानगी देली त्याईची नावं दिसतील. एकेकाच्या समोर टिंबं हायेत, ती दाबून ‘काढून टाका’ करा. एवढंच.

अन् चंपतरावाचं म्हनाल त, कपबशी पाहुन्याले असते, भाऊजी. तुमाले पाहुना व्हाचं हाये काय?

ताईचं वय काय, तुमचं वय काय. मले हसू आलं म्हनून रागावू नका. पन एक खरं सांगते, तुमाले राग आला हे वाचून मले बरंबी वाटलं. तुमाले ताईवरून राग येते, हे मले ठाऊक नव्हतं.

नीलिमा


बेला, २२ नोव्हेंबर

नीलिमा,

तुझे पत्र मी तपासले नाही. वाचताना हात दोनदा पेनाकडे गेला, एवढेच.

होय, अनुमती मी दिली. कशी दिली, तेही सांगतो, म्हणजे तू तुझ्या यजमानांसमोर माझी थट्टा करताना निदान कारण तरी बरोबर सांगशील. आपला गाव तेलुगू मुलखात, म्हणून जमिनीचा कागद येतो तो तेलुगूत. रेशनकार्ड तेलुगूत, विजेचे बिल तेलुगूत, ग्रामपंचायतीची नोटीस तेलुगूत. मला ती लिपी वाचता येत नाही. मराठी शाळेचा मुख्याध्यापक असूनही प्रत्येक कागद हातात धरून मी कोणाच्या तरी दारी गेलो आहे. पुष्कळदा याच चंपतरावांच्या. असे असता एके दिवशी शब्दांचे अर्थ पाहत असताना पडद्यावर एक चौकट आली आणि तिने शुद्ध मराठीत विचारले, ‘आपणांस सूचना पाठवण्याची अनुमती हवी आहे.’ या मुलखात इतक्या वर्षांत कोणीही माझ्याकडे मराठीत अनुमती मागितली नव्हती. नाही म्हणणे मला असभ्यपणाचे वाटले. मग दुसऱ्याने मागितली, त्यालाही दिली. एकाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणणे, हा पक्षपात झाला असता.

तुझ्या क्रमाने गेलो. तीन टिंबे सापडली. नावांची यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली. एकेक काढून टाकले. दोन दिवस पडदा असा स्वच्छ होता की त्याकडे नुसते पाहत बसावे. त्यांतल्या पहिल्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी चंपतराव आले. मी त्यांना ओसरीवरच गाठले आणि म्हणालो, “आपल्या कृपेने आता काही शिल्लक नाही.” ते एक पाय पायरीवर ठेवून उभे राहिले. “वा मास्तर,” म्हणाले, “आपने तो कमाल कर दिया.” आतून तुझी ताई म्हणाली, “चंपतभाऊ, चहा त घ्या.” ते म्हणाले, “कामच नाई त चहा कायचा, वहिनी.” गेले. तुझी ताई दारात उभी राहून ते आळीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत पाहत होती. त्या दिवशी तव्यावरची भाकर जळली. मी जळलेली भाकर आनंदाने खाल्ली.

हा आनंद टिकला नाही. काल चौकटी पुन्हा आल्या. केसांचे तेल, मोटार, सर्व मंडळी. मी नव्याने कोणालाही अनुमती दिलेली नाही, हे शपथेवर सांगतो. मग दिली कोणी? घरात तिसरे माणूस नाही. माझा संशय चंपतरावांवर आहे. काही कारकुनांची अशी रीत असते की, कागदात एक त्रुटी मुद्दाम शिल्लक ठेवावी, म्हणजे माणूस पुन्हा येतो. या गृहस्थांनी आमच्या संगणकात तशीच त्रुटी ठेवली आहे, फक्त येथे पुन्हा येणारे तेच आहेत. तुझी ताई आज सकाळी माझ्याआधी पडद्यापाशी गेली व चौकटी पाहून म्हणाली, “आता बलवाच लागंल त्याईले.” म्हणताना ती मोरीकडे पाहत होती, पण तिचा चेहरा मी काही आज पहिल्यांदा पाहत नाही. तो प्रसन्न होता.

मी चंपतरावांना घरी येण्यास मनाई करणार आहे.

बापूजी


गुडीहत्नूर, २७ नोव्हेंबर

भाऊजी,

मनाई करू नका. हे पयले वाचा, बाकीचं मंग.

चंपतरावानं काई पेरलं नाई. घरी बसून दुसऱ्याच्या कंप्युटरात असं घुसता येत असतं त ते कारकून म्हनून रिटायर झाले नसते.

एक विचारते. ते दोघं काय बोलतात ते तुमी ऐकलं काय? तुमचे कान कच्चे हायेत, ते मले ठाऊक हाये. त्याचं नाई विचारत. कधी तिथं जाऊन बसले काय? दारात उभं राहनं वेगळं. दारात मास्तर उभा राह्यला की वर्ग चूप होते, हे तुमाले काय सांगावं.

तुमच्या ओसरीवर किती पोट्टे शिकून गेले. मी लग्नाआधी ताईकडं येऊन राहो तवा पाहो. ताई चहा आनून ठेवे अन् दारातूनच वापस जाय. तिले कोनी बस म्हनलं नाई. तिनंबी ‘बसू काय’ म्हनलं नाई.

जास्त लिहित नाई. मले लिहाची मनाई हाये. कोनाची, ते विचारू नका.

संक्रांतीले भारत येते का नाई, त्याचा इचार करा. चंपतरावाचा सोडा.

नीलिमा


बेला, ८ डिसेंबर

नीलिमा,

तुझा सल्ला पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच मी तो मोडला होता. पोहोचला असता तरी मोडला असता.

बसथांब्यावर चंपतराव भेटले. कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, चारचौघे होते. मी सर्वांच्या देखत म्हणालो, “संगणकाची व्यवस्था यापुढे मी पाहीन. आपण येण्याचा त्रास घेऊ नये.” ते बाकावरून उठले. नंतर म्हणाले, “मर्जी तुमची, मास्तर. वहिनीले सांगा, धडा अर्धाच राह्यला.”

तो निरोप मी घरी दिला नाही. परंतु ‘धडा’ हा शब्द पायात काटा मोडावा तसा माझ्यात राहिला. कोणता धडा? कोणी कोणाला दिलेला?

बातमी बसथांब्याहून माझ्याआधी घरी पोहोचली होती. तुझी ताई भांडली नाही. चहा आला, भाकर आली, वरण आले. बोलणे आले नाही. विचारले तर ‘हो’, नाही तर ‘नाई’. इकडे चौकटी येतच राहिल्या, आणि चंपतराव उंबऱ्यावर पाऊलही ठेवत नसताना येत राहिल्या. म्हणजे माझा संशय खोटा ठरला. याचे मला समाधान वाटायला हवे होते. उलट वाईट वाटले. तो खरा ठरता तर सोपे होते.

काल सकाळी वाचनालयात जाऊन बसलो आणि चष्मा घरीच राहिल्याचे लक्षात आले. परत गेलो. चष्मा तुझ्या ताईच्या डोळ्यांवर होता. ती पडद्यासमोर बसली होती. एक पान उघडत होती, चौकट आली की ‘अनुमती द्या’ दाबत होती, मग दुसरे पान. मोटेचे पाणी सोडावे तशी शांतपणे.

तिचे शब्द जसेच्या तसे उतरवतो. साक्ष सुधारता येत नाही.

मी विचारले, “काय चालले आहे?”

“दिसून राह्यलं ना. अनुमती देऊन राह्यली.”

“कोणाला?”

“मागंल त्याले.”

“त्यामुळेच चौकटी येतात, हे तुला ठाऊक आहे?”

“ठाऊक हाये म्हनूनच देऊन राह्यली. चंपतभाऊनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, हे दाबू नका म्हनून. तवाच समजलं काय दाबाचं.”

“चंपतरावांनी यावे म्हणून?”

“हो.” मान खाली गेली नाही. “तुमच्या घरात मानूस काई बिघडल्याबिगर येऊ शकत नाई. पंखा बिघडला त पंखेवाला आला. मोटर बिघडली त मोटरवाला आला. मंग काय करू? बिघडवते.”

मी खाटेवर बसलो. म्हणालो, “ते कशासाठी हवेत?”

“तेलुगू शिकासाठी.”

नीलिमा, जे ऐकण्याच्या तयारीने मी खाटेवर बसलो होतो ते हे नव्हते. मी विचारले, “या वयात तेलुगू कशाला?”

“दीक्षासाठी. पोट्टी तुमाले फोनवर तातय्या म्हने. तिची माय तेलुगू, शाळा तेलुगू, ती काय म्हनंल? तुमी म्हनले, आजोबा म्हन. म्हनलं तिनं. तुमी म्हनले, ‘जो’ नीट म्हन. पुन्हा म्हनलं. पुन्हा चुकलं. रडली अन् गेली. तवापासून ती पडद्यावर येत नाई, भारत एकलाच येते. मले तिच्याशी बोलाचं हाये. तिची भाषा मले येत नाई, माही तिले येत नाई. तुमाले एक येते, पन ती तुमी बोलत नाई. निस्ती दुरुस्त करता.”

मग ती चष्मा काढून माझ्या हातात देऊन भाजी निवडायला गेली.

ते ओठ हलणे म्हणजे पाठांतर होते. ते हसणे म्हणजे चुकल्यावरचे हसणे होते. हे सर्व कळल्यावर मला हायसे वाटले असेल, असे तू समजशील. वाटले नाही. चंपतरावांच्या अत्तराचा मत्सर परवडला. माझ्याकडे सबंध तालुका शिकला. पोलीस पाटील शिकला, दोन डॉक्टर शिकले. माझ्या घरात मास्तर असताना तिला शिकावेसे वाटले, तेव्हा तिने दुसरा मास्तर शोधला. तेलुगू मला येत नाही, हे खरे. पण म्हणून नव्हे. मला येत असती तरीही ती त्यांच्याकडेच गेली असती, हे तिने भाजी निवडताना न बोलता सांगितले. तेथे मला ठेच लागली आहे, आणि ती कोणत्या सेटिंग्जमध्ये जाऊन काढावी, ते तू लिहिले नाहीस.

आणखी एक गोष्ट तू लिहिली नाहीस. त्याच ‘सूचना’च्या पानावर वरती एक ओळ आहे: कोणत्याही साइटला अनुमती मागूच देऊ नये. ती निवडली की चौकट विचारतच नाही, व मग दाबणार कोण? दुकान चालवणारी बाई अशी ओळ विसरत नाही.

बापूजी


गुडीहत्नूर, १३ डिसेंबर

भाऊजी,

नाई विसरली. मुद्दामच लिहिली नाई. तुमचं पयलं पत्र आलं तवाच ताईनं फोनवर सांगतलं होतं, तेवढं दार उघडं ठेव म्हनून. मले दोघंही माहेरचे झाले. तुमाले खोटं सांगतलं नाई, अर्धं सांगतलं.

आता पुरतं सांगते, कारन ताईनं मनाई उठवली हाये. दिवाळीत भारतले रजा होती. पोट्टी गाडीत बसाले तयार नव्हती. मायले म्हने, “तिथं तातय्या बोलू देत नाईत.” भारतनं तुमाले रजा नाई म्हनून सांगतलं, ताईले खरं सांगतलं. दुसऱ्या दिवशी ताईनं चंपतरावाले विचारलं, मले शिकवता काय. तुमाले विचारलं असतं त तुमी काय म्हनले असते, ते तुमीच आपल्या मनाले विचारा.

दुसऱ्या मास्तराचं म्हनाल त एक सांगते, रागावू नका. चंपतराव काई लय मोठे मास्तर नाईत. ताईनं भलताच शब्द म्हनला की ते हसतात, तीबी हसते, अन् दोघं पुढं जातात. तुमच्यासमोर मानूस चुकू शकत नाई, भाऊजी. चुकाची जागाच नसते तिथं. मी अजून तुमाले पत्र लिहाले बसली की पयले घामेजते, मंग लिहिते.

भारत संक्रांतीले येतो म्हनते. पोट्टी अजून हो म्हनली नाई. ताई तिच्याशी फोनवर रोज एक वाक्य बोलून राह्यली, तेवढंच तिले येते. उद्या दुसरं वाक्य कुठून आनंल?

बाकी तुमाले समजते.

नीलिमा


बेला, १७ जानेवारी २०२५

नीलिमा,

उत्तरास महिन्याहून अधिक उशीर झाला. मधल्या काळात काय झाले, ते तुझ्या ताईने तुला तिच्या बाजूने सांगितलेच असेल. ही माझी बाजू.

तुझे पत्र वाचून घरी आलो आणि ती वरची ओळ निवडून टाकली. त्या दिवसापासून एकही चौकट नाही. संगणक निर्दोष झाल्याची खात्री केल्यावर चंपतरावांच्या घरी गेलो. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून म्हणाले, “काय मास्तर, पुन्हा बिघडला काय?” मी म्हणालो, “नाही. काहीही बिघडलेले नाही. तरी आपण यावे.” त्यांनी शेंगांची परात बाजूला सरकवली आणि माझ्यासाठी खुर्ची आणवली. क्षमेचा विषय मी काढला नाही. त्यांनी काढू दिला नाही. एवढे सौजन्य त्यांच्याकडे आहे, हे लिहिणे मला भाग आहे.

दुसऱ्या दिवसापासून धडे सुरू झाले, व मी दारात न थांबता आत जाऊन बसलो. फळ असे की, वर्गात दोन विद्यार्थी झाले आणि त्यांत मी मागे आहे. ऐकू येत नसल्याने मी चंपतरावांच्या तोंडाकडे पाहून शिकतो, आणि त्यांच्या मिशा जाड आहेत. तुझ्या ताईला ते म्हणतात, “वहिनी, बढिया.” मला म्हणतात, “होईल, होईल.” हे ‘होईल, होईल’ मी स्वतः अनेक मुलांना म्हटले आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. रात्रीच्या जेवणाला ती मला मीठ तेलुगूत मागते, ते मला कळत नाही, आणि मग स्वतः उठून मीठ घेते. असा सूड मी आयुष्यात पाहिलेला नाही.

भोगीच्या दिवशी भारत, सूनबाई आणि दीक्षा आले. दीक्षा गाडीतून उतरली ती सरळ आजीच्या पदराखाली गेली आणि दोघी स्वयंपाकघरात शिरल्या. नंतर सबंध सकाळ तेथून बोलणे येत होते. तुझ्या ताईची वाक्ये लहान होती, पण ती संपत नव्हती. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती व डोळ्यांना पदर लावत होती. भारत सांगत होता की धूर झाला आहे, आणि आमची शेगडी गॅसची आहे. मी ओसरीवर एकटा. मुलीने मला नमस्कार केला होता, लांबून. मला तुझ्या ताईचा जितका हेवा त्या सकाळी वाटला, तितका चंपतरावांचाही कधी वाटला नव्हता.

संक्रांतीच्या सायंकाळी चंपतराव तिळगूळ घेण्यास आले, अत्तरासह. दीक्षाने त्यांच्याशी दोन शब्द बोलून पाहिले आणि आपल्या भाषेचा माणूस सापडल्यासारखी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. ते तिला काही तरी सांगत होते, ती विचारत होती, ते पुन्हा सांगत होते. माझ्या घरात, माझ्या खाटेवर, माझी नात. मी आठवडाभर एक वाक्य तयार करून ठेवले होते: कापसाची गाडी पाहायला माझ्याबरोबर येतेस का. चंपतरावांकडून ते घेतले नव्हते. भारतने ते सूनबाईला विचारून फोनच्या संदेशात लिहून पाठवले होते, मराठी अक्षरांत. तेच म्हणावयाचे ठरवून मी उठलो आणि मुलीसमोर उभा राहिलो.

वाक्याची सुरुवात तेलुगूत झाली. मध्ये चंपतरावांच्या कचेरीतला एक उर्दू शब्द शिरला. शेवट मराठीत झाला, आणि तोही आमच्या ‘करून राह्यलो’ थाटाचा, जो मी कधी तोंडातून काढला नव्हता.

दीक्षाने एकदा चंपतरावांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग ती हसली. तोंडावर हात न ठेवता, पाय झाडून, श्वास कोंडेपर्यंत हसली. माझ्या वर्गात कोणी असे हसले नव्हते. माझी तशी कीर्तीच होती. ती चंपतरावांच्या मांडीवरून घसरून उतरली, माझ्यापाशी आली, धोतर ओढले आणि म्हणाली, “मळ्ळी चेप्पु, तातय्या.” म्हणजे, पुन्हा सांगा. एवढे मला आता येते.

पुन्हा सांगेपर्यंत बरोबर वाक्य मला संपूर्ण आठवले होते. मी ते म्हटले नाही. पहिलेच म्हटले, सगळ्या चुकांसह, आणि त्यांत एक नवी घातली. ती माझ्या गुडघ्यावर डोके आपटून हसली. तुझ्या ताईने दारातून माझ्याकडे पाहिले. तिला कळले, पण तिने ते दुरुस्त केले नाही.

चंपतराव रिकाम्या मांडीने हसत बसले होते. त्यांना हे जमण्यासारखे नाही. ते तेलुगू बिनचूक बोलतात.

बापूजी